पुसेगावची अर्धी मॉरिस

नरसी फाट्यावरच्या गुलाबसिंग मिस्त्रीच्या हाताला गुण आहे, असं सारी हिंगोली म्हणायची, आणि म्हणणाऱ्यातल्या निम्म्यांनी त्या हाताचा मारही खाल्लेला होता. बंद पडलेल्या जीपच्या बॉनेटला कान लावून हा गडी सांगायचा, तिसरा वॉल्व गेला. गिऱ्हाइकानं नुसतं "नक्की का, मिस्त्री?" म्हटलं की हातातला पाना त्याच्या नडगीवर बसायचा. एक्क्याण्णव साली त्यानं एका टेम्पोवाल्याचं डोकं गाडीच्या दारात धरून दार ओढून घेतलं होतं. काहून, तर त्यानं हॉर्न दोनदा वाजवला. टेम्पोवाल्याच्या कानातून रक्त आलं, माणसं जमली, आणि संध्याकाळी तोच टेम्पो गुलाबसिंगनं फुकट नीट करून दिला. लोक म्हणाले, मनाचा राजा आहे, डोकं तेवढं गरम. असल्या राजांचं एक बरं असतं, डोकं त्यांचं तापतं आणि चटके दुसऱ्याला बसतात.

पण ही गोष्ट त्याची नाही, त्याच्या बायकोची आहे. गिऱ्हाईक मार खाऊन दुसऱ्या गॅरेजला जातं. शिला कुठं जाणार होती?

सिद्धेश्वरच्या धरणाजवळच्या तांड्यावरनं ती चौऱ्याऐंशी साली लग्न होऊन हिंगोलीत आली. पहिल्या महिन्यात भाकर करपली म्हणून जीपच्या फॅनबेल्टनं तिची पाठ सोलली गेली. मग पान्याखाली उजव्या हाताचं मधलं बोट आलं, ते वाकडंच जुळलं. पंच्याण्णव साली खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यात तिनं सांगितलं, म्हशीनं ढुसणी मारली. घरात म्हैस नव्हती, आणि गुलाबसिंग शेजारीच उभा राहून मान डोलवत होता.

मारून झालं की तो रडायचा. तिच्या पाठीला हळद लावता लावता म्हणायचा, "मला कळतच न्हाई शिला. डोळ्यापुढं अंधारी येती. हात माझा ऱ्हातच न्हाई." त्याच्या उस्तादानं त्याला नांदेडच्या गॅरेजात लहानपणी लोखंडी सळईनं मारून काम शिकवलं होतं, डोक्यात खोक होती ती दाखवायचा. शिलाला ते खरं वाटायचं. अंधारी आलेल्या माणसावर काय रागवायचं? वावटळीवर कुणी रागवतं का?

वावटळ कधी येत नाही, हे मात्र तिनं हेरून ठेवलं होतं. शहाण्णव साली एका पोलीस जमादाराचा ट्रॅक्टर गॅरेजात आला. इंजिनाचे पार तुकडे झालेले. गुलाबसिंग चाळीस दिवस त्यात बुडाला. त्या चाळीस दिवसांत चापटसुद्धा नाही. पुढं दोन हजार साली एका जिनिंगचं मोठं डिझेल इंजिन आलं, अठरा दिवस, तेव्हाही तसंच. गॅरेजामागच्या घरात यायचा, गुमान जेवायचा, ताटात बोटानं पिस्टनचं चित्र काढायचा. शिलानं मनाशी गणित बसवलं की याच्या हातात अवघड यंत्र असलं की हा माणसाला मारत नाही. सोपं काम आलं की मारतो, काम नसलं की जास्तच मारतो. आणि हिंगोलीचा जिल्हा झाल्यापासून गावात नव्या नव्या गाड्या यायला लागल्या होत्या. त्या बिघडायच्या कमी, आणि बिघडल्या तर कंपनीच्या दुकानात जायच्या. नरसी फाट्यावर दिवस दिवस कुणी फिरकायचं नाही.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात त्यानं तिला रस्त्यावर केसाला धरून फरफटवलं. ही बातमी तांड्यावर गेली. तिचा भाऊ किसनसिंग आठ माणसं घेऊन आला आणि गुलाबसिंगला गॅरेजातल्याच टायरावर पाडून तुडवला. तांड्याचा मुखिया, नायक बाबूसिंग, यानं नसाब बसवली, म्हणजे तांड्याची पंचायत. तिथं ठरलं की आता एकदा जरी हात उचलला तर शिला आणि पोरगी मोहिनी भावाकडं जातील, त्यांना कुणी अडवायचं नाही.

ठरलं खरं, पण जायचं म्हणजे काय ते शिलालाच ठाऊक. मोहिनी दहावीला होती. वर्गात पहिली. तांड्यावरनं शाळा तीन कोस, आणि तिथल्या पोरी सोळाव्या वर्षी सासरी जातात. किसनसिंगनं स्थळही बघून ठेवलं होतं. मोहिनीची बारावी होईस्तोवर हिंगोलीत टिकायचं, एवढंच शिलाला हवं होतं. दोन-अडीच वर्षं. त्यापायी नसाब झाल्यावरही खाल्लेला तीन वेळचा मार तिनं पदराखाली झाकला. भावाला कळू दिलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं प्लगपाना मोहिनीला फेकून मारला. पोरगी वही घेऊन खाली वाकली म्हणून वाचली. पाना भिंतीत एवढा घुसला की उपसून काढावा लागला. त्यावर तो रडलाही नाही. म्हणाला, "मधी काहून बसती मग?"

 सकाळी मोहिनी वेण्या घालता घालता आईला म्हणाली, "याडी, मामाकडं जाऊ. शाळा ऱ्हाऊ दे." पंधरा वर्षांच्या लेकरानं स्वतःच्या तोंडानं शाळा ऱ्हाऊ दे म्हणावं, आईच्या काळजाचं पाणी झालं.

नेमकी त्याच आठवड्यात मॉरिसची खबर आली. बैलबाजारातला दलाल सोनाजी स्कूटर घेऊन आला होता. म्हणाला, पुसेगावात नामाजी धनगराच्या वाड्यात एक जुनी मोटार पडून आहे. निजामाच्या राज्यात एका तालुकदारानं हैदराबादहून आणलेली, मॉरिस. नामाजी त्यात मेंढरांची कोकरं कोंडतो. इंजिन आहे, पण भोंगा न्हाई, एक दिवा न्हाई, खालचा पत्रा मेंढरांच्या मुतानं खाल्ला, मागची गादी बकऱ्यांनी. नामाजी विकायला तयार आहे.

गुलाबसिंग त्याच दिवशी बघून आला आणि येडा झाला. हिंगोलीच्या दसऱ्याला मैदानात सारा जिल्हा लोटतो, तिथं ती गाडी चालवत न्यायची, हे त्याच्या मनानं घेतलं. कंप्युटरवाल्या पोट्ट्यांना दाखवायचं होतं मिस्त्री कुणाला म्हणतात ते. पण घ्यावी की न घ्यावी, हेच त्याचं ठरेना. सकाळी म्हणायचा, घेतो. दुपारी म्हणायचा, सामान कुठनं आणू, त्या गाडीचा एक बोल्ट साऱ्या मराठवाड्यात मिळायचा न्हाई. संध्याकाळी म्हणायचा, चालली न्हाई तर लोक तोंडात शेण घालतील. आणि हे न ठरणं ज्याच्यावर निघायचं त्याच्यावर निघत होतं. एकदा शिला म्हणाली, घ्या. त्यानं थोबाडीत दिली, तुला काय कळतं म्हणून. दुसऱ्या दिवशी ती गप्प राहिली. त्यानं ताट फेकलं, तोंड शिवलं का म्हणून.

येणारे-जाणारे सगळे सांगायचे, मिस्त्री, नका पडू त्याच्यात, ती गाडी जन्मात पुरी व्हायची न्हाई. शिला ते चूल फुंकता फुंकता ऐकायची आणि तिला तेच पाहिजे होतं. पुरी न होणारी गाडी. चाळीस दिवस नको, दोन वर्षं पुरणारी गाडी. तो तिच्या खाली लोळत पडेल, पत्रे ठोकेल, आणि पोरगी बारावी होईल. शेवटी तिनंच ठरवलं. आईनं दिलेली गळ्यातली चांदीची हासळी काढून त्याच्यापुढं ठेवली.

"बयाण्याला ही द्या," ती म्हणाली. "पण आता घ्याच. आन दसऱ्याची घाई करू नका. बराबर करा."

गुलाबसिंगनं तिच्याकडं असं बघितलं, जशी ती आजच घरात आली असावी. "तू बी चल," तो म्हणाला. "दागिना तुझा हाय."

सकाळच्या एसटीनं दोघं पुसेगावला उतरली. सोनाजी फाट्यावर उभाच होता. नामाजीचा वाडा म्हणजे काटेरी कुंपणातलं मेंढरांचं आवार, एका कडेला छपरी, आणि छपरीखाली बॉनेटवर घोंगडी पांघरलेली मोटार. नामाजी सत्तरीचा, कमरेत वाकलेला माणूस. त्याची बायको चंद्रभागाबाई पुढच्या सीटवर बसून एका पांगळ्या कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. माणसं आली तरी ती उठली नाही.

"पिऊन होऊ द्या त्याचं," ती म्हणाली. "मग बघा तुमची गाडी."

नामाजीनं घोंगडी ओढली. खाली काळा रंग अजून चकचकत होता. गुलाबसिंगनं बॉनेट उचललं, आतली धूळ तोंडानं फुंकली आणि इंजिनावरनं दोन बोटं फिरवली. शिला त्या बोटांकडं बघत राहिली. एकोणीस वर्षांत तिच्या अंगाला तो हात असा कधी लागला नव्हता. तिला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. गाडीच्या वाट्याला का होईना, हात असा येतो तर खरा.

तासभर तो गाडीखाली होता. बाहेर आला तो तोंडभर शेणमाती आणि हसू घेऊन. "इंजिन जिवंत हाय," तो म्हणाला. "बाकी करीन मी. लागू दे दोन वरसं."

दोन वर्षं. शिलानं डोळे मिटून घेतले.

सौदा बैलाचा होतो तसाच झाला, कारण सोनाजीला दुसरा येत नव्हता. त्यानं नामाजीच्या आणि गुलाबसिंगच्या हातांवर आपलं उपरणं टाकलं आणि उपरण्याखाली बोटं दाबली जाऊ लागली. कुणी आकडा बोललं नाही. नामाजीनं दोनदा मान हलवली, तिसऱ्यांदा हसला. सोनाजीनं उपरणं झटकलं. जमलं.

शिलानं कनवटीची हासळी काढून हातात धरली. तेवढ्यात नामाजी छपरीत जाऊन एक पाना घेऊन आला, चंद्रभागाबाईला उठवलं, आणि पुढच्या सीटवर बसून स्टिअरिंगचा नट फिरवायला लागला.

"काय करून राहिले?" गुलाबसिंगनं विचारलं.

"दावं सोडून घेतो." नामाजीनं मान वर केली नाही. "जनावर इकलं तरी दावं इकत न्हाईत मालक. त्याच्यासंगं घराची बरकत जाती. ही गाडी आमच्याकडं यायच्या आधी पुनमचंदशेटनं इकली, त्यानं भोंगा ठेवून घेतला. मग सेनगावच्या पाटलानं इकली, त्यानं दिवा ठेवला. आता त्याह्यला काय माहीत, गाडीचं दावं कोणतं ते. जनावर ज्याला धरून हाकायचं, ते दावं. गाडीचं दावं म्हंजे हे चक्कर."

सोनाजीनं मान डोलवली. रीत बराबर होती.

गुलाबसिंग आधी हसला. "अहो बाबा, मग गाडी काय शेपटीला धरून वळवू?"

"नवं बसवा की. दावं तर गिऱ्हाइकानंच आणायचं अस्तंय."

"हे नवं मिळत न्हाई कुठं."

"मग मी काय करू? माझा बाप याला धरून मेलाय. ह्या सीटवर जीव गेला त्याचा." आणि नामाजीनं पुन्हा पाना लावला.

गुलाबसिंगनं पिशवीतली जॅकची लोखंडी दांडी काढली आणि म्हाताऱ्याच्या मनगटावर हाणली. हाड वाजलेलं शिलाला ऐकू आलं. पाना खाली पडला. त्यानं नामाजीला पटक्याला धरून बाहेर ओढला, पटका सुटून हातात आला तसा केसाला धरला आणि त्याचं तोंड गाडीच्या पुढच्या चाकावर आपटलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी म्हाताऱ्याच्या तोंडातनं रक्ताबरोबर दात पडला. चंद्रभागाबाई मधे पडली, तिच्या पोटात लाथ बसली, ती कोकरासकट कुंपणाच्या काट्यात गेली. गाडीच्या मागच्या भागात कोंडलेली कोकरं एकाच वेळी ओरडायला लागली. सोनाजी उपरणं छातीशी धरून मागं मागं सरकत होता.

शिला जागची हलली नाही. हा मार तिच्या ओळखीचा होता. आधी मनगट, मग केस, मग जे कठीण समोर असेल त्यावर तोंड. पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट घणासारखी वाजत होती. याच्या हातात यंत्र आहे. जन्मात पुरं न होणारं, ह्याला हवं तसलं यंत्र, अजून वंगण बोटांना लागलेलं आहे. आणि तरी मारतोय. तिचं एकोणीस वर्षांचं गणित त्या चाकावर फुटत होतं.

त्यानं दांडी डोक्यावर उचलली. आता मारली असती तर नामाजी मेला असता.

तेवढ्यात त्यानं वर बघितलं. दोन वावरांपलीकडं नामाजीची पोरं आणि पुतणे, पाच जण, काठ्या घेऊन पळत येत होते. अजून लांब होते. त्यांचा आवाजसुद्धा नीट येत नव्हता. गुलाबसिंगनं त्यांना बघितलं, मोजलं, आणि दांडी खाली घेतली. टाकली नाही. बॉनेटवर ठेवली. हळूच, आडवी, रंगाला ओरखडा जाणार नाही अशी.

शिलानं ते बघितलं. अंधारी आलेल्या माणसाला दोन वावरांपलीकडचं दिसतं? अंधारी आलेला माणूस रंग जपतो? मग तिला जमादाराचा ट्रॅक्टर आठवला. चाळीस दिवस तो जमादार गॅरेजासमोर बाज टाकून बसलेला होता. जिनिंगच्या इंजिनाबरोबर मालकाचे दोन राखणदार होते, तिथंच झोपायचे. यंत्रानं नव्हता धरला त्याचा हात. यंत्राचा काही संबंधच नव्हता. 

पोरं पोचली. पहिली काठी गुलाबसिंगच्या खांद्यावर बसली, दुसरी पाठीत. तो खाली बसला आणि दोन्ही हात जोडले. आवाज असा गोड, जसा दवाखान्यात डॉक्टरशी बोलायचा. "चुकलं दादा. मला कळलंच न्हाई. डोळ्यापुढं अंधारी येती माझ्या."

सोनाजी मधे पडला. रक्त पुसलं गेलं, पाणी आलं, आरडाओरडा झाला, पोलिसात जायची भाषा झाली. चंद्रभागाबाई काट्यातनं उठून नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "न्यू द्या त्याला त्याची गाडी. चक्कर बी न्यू द्या. मेलेलं ढोर दारात नको मला."

गुलाबसिंगचे डोळे लखलखले. पाठीवर वळ, ओठ फुटलेला, आणि हा माणूस खूश. स्टिअरिंगसकट गाडी मिळाली होती. त्यानं उठून शिलापुढं हात केला.

"दे हासळी."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. शिलानं हासळी गळ्यात घातली. वाकड्या बोटानं तिला फासा लागेना, पुन्हा पुन्हा निसटत होता. तिनं घाई केली नाही.

"गाडी घ्यायची न्हाई," ती म्हणाली.

"काय?"

"न्हाई घ्यायची. मी सांगून राहिले तुमाला."

त्याच्या मानेची शीर तटतटली. ती शीर तिला पाठ होती. उजवा हात वर गेला, पंजा उघडला, आणि ती तोंड न चुकवता उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं डोळे मिटले नाहीत. तिच्या मागं पाच काठ्या होत्या. गुलाबसिंगची नजर तिच्या खांद्यावरनं त्या काठ्यांवर गेली, एकीवरनं दुसरीवर. हात हवेत तसाच राहिला. मग खाली आला, आणि त्यानं तो धोतराला पुसला.

"थांबतो की वो तुमचा हात," शिला म्हणाली. "एकोणीस वरसं थांबवता येत व्हता."

 ती चंद्रभागाबाईजवळ बसली आणि तिच्या दंडात मोडलेले काटे एकेक करून काढायला लागली. काढता काढता म्हणाली, "पोलिसात जाणार असाल तर मी बी येते. मी सारं बघितलंय." चंद्रभागाबाईनं तिच्याकडं बघितलं आणि दुसरा दंड पुढं केला.

दुपारच्या गाडीनं ती त्यांच्यासंगं हिंगोलीला गेली, ठाण्यात जबानीवर अंगठा दिला, आणि शाळा सुटायच्या आत फाटकाशी जाऊन उभी राहिली. मोहिनी बाहेर आली, आईच्या लुगड्यावरचं रक्त बघून तिचा चेहरा उतरला.

"माझं न्हाई," शिला म्हणाली. "चल. मामाकडं जाऊ. शाळा सोडायची न्हाई, मी मामाला सांगते."

"आन मामा न्हाई म्हणला तर?"

"तर त्याला बी सांगते, तुझ्या बापाला सांगितलं तसं," शिला म्हणाली, आणि पोरीच्या हातातलं दप्तर घेतलं.